थंडी-बर्फात रोज चालवायला नवीन एसयूव्ही घ्यायचीय, नेमकं काय बघू?

पहाटपाळी:
नमस्कार मंडळी, नवीन गाडी घ्यायचं ठरलंय, एसयूव्हीच घ्यायची हेही ठरलंय, पण त्यापुढे गाडं अडलंय. आमच्याकडे वर्षातले चारेक महिने रस्त्यावर बर्फ असतो, पहाटे उणे २० म्हणजे नेहमीचंच आणि अधूनमधून उणे ३० पण होतं. माझी ड्युटी सकाळी फार लवकर असते त्यामुळे बर्फ काढायच्या गाड्या फिरायच्या आधीच मला बाहेर पडावं लागतं, आणि मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एक चांगलाच तीव्र उतार आहे, खाली वळण, आणि वळण संपतंय तोच सिग्नल. सध्याची सेडान पुढच्या चाकांवर चालणारी आहे, खूप बर्फ पडला की तिचं पोट घासतं, आणि त्या उतारावर ब्रेक दाबला की पायाखाली एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखड सुरू होते पण गाडी काही थांबत नाही, सरकतच राहते. मागे दोन्ही मुलं असतात, त्यांना वाटेत पाळणाघरात सोडायचं असतं. त्या दहा-पंधरा सेकंदांत पोटात गोळा येतो खरंच.

शोरूमला जाऊन आलो. तिथला सेल्समन म्हणाला टॉप व्हेरिएंट घ्या, ऑल व्हील ड्राइव्ह आहे, स्नो मोड आहे, २० इंची चाकं आहेत, कंपनीचेच ऑल सीझन टायर येतात, वेगळे विंटर टायर घ्यायची काही गरज नाही. ऐकायला छान वाटलं पण पटलं नाही. सध्या यादीत सुबारू फॉरेस्टर आणि टोयोटा रॅव्ह४ हायब्रिड आहेत, नवऱ्याच्या मनात मात्र लॅडर फ्रेमवाली (ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली) मोठी फोर बाय फोर आहे, त्याचं म्हणणं जितकी जड गाडी तितकी ती रस्त्याला चिकटून राहते. गाडी उघड्यावर लावावी लागते, चार्जिंगची सोय नाही, त्यामुळे इलेक्ट्रिक आत्ता नको.

तर प्रश्न असा की ऑल व्हील ड्राइव्ह घेतली म्हणजे त्या उताराचा प्रश्न सुटतो का? आणि कुठल्या गोष्टींवर पैसे घालावेत, कुठल्या सोडाव्यात? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

दहाचा_पाना:
ताई, एका शब्दात उत्तर, नाही सुटत. आता सविस्तर लिहितो कारण ही गोष्ट दर हिवाळ्यात गॅरेजला आलेल्या लोकांना सांगतो आणि दर हिवाळ्यात चारी चाकांच्या गाड्याच खड्ड्यातून ओढून आणलेल्या बघतो.

ऑल व्हील ड्राइव्हचं काम इंजिनची ताकद चारी चाकांना वाटणं एवढंच. म्हणजे जागेवरून निघताना, चढ चढताना, बर्फात रुतल्यावर बाहेर पडताना फायदा आहेच, मोठा फायदा आहे. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारी चाकांना असतातच, अगदी तुमच्या सेडानलाही. मग थांबताना ऑल व्हील ड्राइव्ह वेगळं काय करणार? काहीच नाही. थांबवतो तो टायर, म्हणजे तळहाताएवढा रबराचा तुकडा जो रस्त्याला टेकलेला असतो, असे चार तुकडे, बस. उलट त्रास असा होतो की गाडी सुटताना अजिबात घसरत नाही त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे ते ड्रायव्हरला कळतच नाही, तो बिनधास्त वेग घेतो आणि पहिला ब्रेक मारला की मग समजतं.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. ताशी ५० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर कोरड्या डांबरावर साधारण १३-१४ मीटर, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ४० मीटरच्या आसपास, आणि गोठलेल्या पाण्याचा गुळगुळीत थर असेल तर १०० मीटरच्या घरात. आणि वेग ५० चा ७० केलात तर हे प्रत्येक अंतर जवळपास दुप्पट होतं कारण ते वेगाच्या वर्गावर जातं. तुमच्या उतारावर तर याच्यात आणखी भर. अजून एक, उणे २० ला बर्फावर पकड त्यातल्या त्यात बरी असते, शून्याच्या आसपास बर्फ वरून ओलसर होतो तेव्हा तो सगळ्यात वाईट, म्हणजे ऊन पडलंय, थंडी कमी झालीय म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता टायर. उन्हाळी किंवा साध्या ऑल सीझन टायरचं रबर तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं, उणे २० ला तर ते प्लास्टिकसारखं टणक लागतं हाताला. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहील असं बनवलेलं असतं, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, टायर दाबला की त्या उघडतात आणि बर्फाला धरतात. शोरूममध्ये नखाने दाबून बघा, दोन टायर शेजारी ठेवून, फरक बोटाला कळतो.

चिन्हं बघायला शिका. टायरच्या बाजूला एम प्लस एस (M+S) लिहिलेलं असतं त्याच्यावर जाऊ नका, ते फक्त नक्षी कशी आहे एवढं सांगतं, त्यासाठी बर्फावरची कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण असं चिन्ह असेल तर त्या टायरची बर्फावर चाचणी झालेली असते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यातल्या रस्त्यांसाठी नुसतं एम प्लस एस चालत नाही, हे चिन्हच लागतं. कॅनडात क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. पण हेही सांगतो की ती चाचणी दाबलेल्या बर्फावरची असते, गुळगुळीत गोठलेल्या थराची नाही. त्यासाठी युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरच्या लेबलवर २०२१ पासून वेगळं चिन्ह आलंय, मिळत असेल तर तेही बघा. तुमच्या उतारावर तेच कामाचं आहे.

आणि घ्याल ते चारी टायर विंटर घ्या. दोनच बदलून पैसे वाचवू असं बरेच जण करतात, मग पुढची चाकं पकड घेतात, मागची घेत नाहीत, आणि वळणात गाडीची शेपूट फिरते. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर बर्फासाठी संपला समजायचं, कायद्याने चालत असला तरी. बाजूला चार आकडी नंबर असतो, उदाहरणार्थ ३५२३ म्हणजे २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला, तो बघून ताजा माल मागा.

म्हणून माझं म्हणणं असं की गाडीचं बजेट ठरवताना आधी चार विंटर टायर आणि चार जादा रिम बाजूला काढा, उरलेल्या पैशात गाडी निवडा. त्यासाठी टॉपच्या ऐवजी मधलं व्हेरिएंट घ्यावं लागलं तर घ्या, अजिबात वाईट वाटून घेऊ नका.

चढणीवरचा:
पानावाल्यांशी ब्रेकच्या बाबतीत १००% सहमत पण ऑल व्हील ड्राइव्ह इतकीही बाजूला टाकू नका. प्रश्नकर्तीने लिहिलंय की त्या उतारानेच जावं लागतं, म्हणजे संध्याकाळी तोच चढ आहे! आणि पहाटे रस्ता साफ केलेला नसतो. मी असाच डोंगरावर राहतो आणि माझा अनुभव हा की विंटर टायर लावलेली पुढच्या चाकांची गाडी बहुतेक दिवस वर येते, पण ताज्या भुसभुशीत बर्फात चढावर एकदा थांबावं लागलं, समोरून कोणी आलं म्हणा, की पुन्हा सुटताना पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, कारण चढावर वजन मागे जातं. तिथे चारी चाकांना पर्याय नाही. म्हणजे वर जायला चारी चाकं आणि खाली यायला टायर, दोन्ही लागतात तुम्हाला.

आता कुठली सिस्टीम ते बघा, कारण सेल्समन सगळ्यालाच ऑल व्हील म्हणतो. साधारण तीन प्रकार. पहिला, कायम चारी चाकांना ताकद देणारा, फॉरेस्टर ह्यात येते. दुसरा, एरवी पुढच्या चाकांवर चालतो आणि घसरण जाणवली किंवा जाणवेल असं वाटलं की मागची चाकं क्लचने जोडून घेतो, बाजारातल्या बहुतेक एसयूव्ही ह्याच. रॅव्ह४ हायब्रिडचं थोडं निराळं आहे, तिच्यात पुढून मागे जाणारा दांडाच नाही, मागच्या चाकांना स्वतःची वेगळी मोटर आहे, २०१९ ला आलेल्या पिढीत ती साधारण ४० किलोवॉटची आहे. बर्फातून निघायला, साध्या चढाला ती पुरते, खोल बर्फात बराच वेळ रेटायचं असेल तर मात्र कायमची यांत्रिक सिस्टीम मला जास्त भरवशाची वाटते.

तिसरा प्रकार म्हणजे पार्ट टाइम फोर बाय फोर, जिम्नी, फॉर्च्युनर वगैरे, लिव्हर किंवा नॉब फिरवून पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट जोडायचा. खोल बर्फात हा प्रकार दणकट आहे यात वाद नाही. पण मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसल्यामुळे कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये चालवता येत नाही, वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं आणि ते जुळलं नाही की सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो, गाडी आखडल्यासारखी चालते. हिवाळ्यात साफ केलेल्या रस्त्यावर काय होतं, शंभर मीटर कोरडं, मग पुलावर बर्फ, मग परत कोरडं. दर वेळी नॉब फिरवणार का? नाही फिरवला तर तेवढा वेळ ती मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, आणि रिकामी डिकी असलेली मागच्या चाकांची उंच गाडी बर्फावर काय करते ते वेगळं सांगायला नको. तुमच्या मिस्टरांना हे नक्की वाचायला द्या. जड गाडी चिकटून राहते हे सुटताना थोडंफार खरं, थांबताना तेच वजन पुढे ढकलतं.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचं पोट यातलं अंतर, २०० मिमीच्या वर बघा. फॉरेस्टरला २२० मिमी आहे, ते भरपूर झालं. बर्फ त्याच्या वर साचला की गाडीचं पोट बर्फावर टेकतं आणि चाकं हवेत फिरतात, मग कितीही चाकांना ताकद द्या.

एक छोटी गोष्ट, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) बंद करायचं बटण आहे का आणि ते सहज सापडतं का ते टेस्ट ड्राइव्हलाच बघून ठेवा. रुतल्यावर गाडी पुढे-मागे झुलवून काढायची असते तेव्हा ते चालू असेल तर इंजिनची ताकद कापतं आणि गाडी जागची हलत नाही. बाहेर पडलात की लगेच परत चालू करायचं. स्क्रीनच्या चार मेनूंमध्ये लपवलेलं असेल तर हातमोजे घालून अंधारात शोधत बसाल.

पहाटपाळी:
दोघांचेही मनापासून आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प बसला म्हणजे बहुतेक पटलंय. :) दोन गोष्टी अजून विचारते. एक, २० इंची चाकं चांगली की वाईट? टॉप व्हेरिएंटला तीच येतात. दुसरं, हायब्रिड एवढ्या थंडीत नीट चालते का, सकाळी काच साफ होऊन आत ऊब यायला किती वेळ लागतो? माझा एका बाजूचा प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे.

दहाचा_पाना:
२० इंची नको. चाक मोठं म्हणजे टायरची भिंत बुटकी, बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेला आदळलं की रिम वाकते नाहीतर टायरची भिंत फुगते. शिवाय मोठ्या मापाचे विंटर टायर महाग, निवड कमी, आणि रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगायला बघतो, थोडा अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो. १७ किंवा १८ इंची स्टीलच्या रिमवर विंटर टायर कायमचे चढवून ठेवा म्हणजे दर सीझनला टायर उतरवा-चढवा करावं लागत नाही, नुसती चाकं बदलायची. फक्त घ्यायच्या आधी मॅन्युअल बघा, काही गाड्यांचे ब्रेक कॅलिपर (चाकाच्या आत ब्रेकची डिस्क धरणारा भाग) मोठे असतात तिथे लहान रिम बसत नाही. चेन लागणार असतील तर तेही त्याच पानावर असतं, कुठल्या मापाच्या टायरला चेन चालते आणि कुठल्या अ‍ॅक्सलला लावायची, बऱ्याच गाड्यांत मोठ्या चाकांना चेन लावायला आतून जागाच उरत नाही.

हवेचा दाब पण महिन्यातून एकदा तरी बघत जा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो. गॅरेजमधल्या उबेत १५ अंशांना भरलेली हवा बाहेर उणे २० ला सहाएक पीएसआयने खाली आलेली असते.

सायली_उत्तरेकडची:
ऊब आणि बॅटरीबद्दल मी लिहिते कारण लहान मुलं मागे घेऊन थंडीत चालवणाऱ्यांना हा विषय टायरइतकाच महत्त्वाचा आहे आणि ह्यावर कोणी बोलतच नाही, सगळे आपले हॉर्सपॉवरवर बोलतात.

हायब्रिड चालते, अगदी व्यवस्थित चालते, पण हिवाळ्यात अ‍ॅव्हरेज उन्हाळ्यासारखं मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. आतला हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो, म्हणून ऊब हवी असेल तर इंजिन चालूच राहतं, सिग्नललाही बंद होत नाही. पंधरा मिनिटांच्या प्रवासात उणे २५ ला इंजिन जेमतेम गरम होतं तोवर तुम्ही पोचलेल्या असता. म्हणून लहान अंतर असेल तर तीन गोष्टी मागाच, सीट हीटर (मागच्या सीटलाही असेल तर उत्तम), स्टीअरिंग हीटर, आणि पुढच्या काचेत तारा असलेला हीटर किंवा निदान वायपर जिथे टेकतात तिथला पट्टा गरम होणारा. हे विजेवर चालतात त्यामुळे दोन-तीन मिनिटांत जाणवतात, इंजिनची वाट बघत बसावं लागत नाही. बऱ्याच कंपन्या हे सगळं विंटर पॅक किंवा कोल्ड वेदर पॅकेज म्हणून देतात आणि ते मधल्या व्हेरिएंटलाही मिळतं. पॅनोरमा सनरूफपेक्षा हे शंभर पटीने घ्यावं. सनरूफच्या पाणी जायच्या नळ्या गोठल्या की पाणी आत उतरतं, मी तर ते टाळाच म्हणेन.

ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिनला रात्री विजेवर कोमट ठेवणारी कॉइल, नवीन गाडीबरोबरच बसवून घ्या, गाडी लावता तिथवर साधा प्लग पोचत असेल तर. सुटायच्या दोन-तीन तास आधी टायमरवर चालू झाला तरी पुरतो. इंजिन सहज सुरू होतं आणि ऊब लवकर येते. गाडी बंद जागेत असेल तर मात्र रिमोट स्टार्ट कधीही वापरू नका, धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. तसंच बर्फात अडकून इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, मगच आत बसायचं. त्या वायूला वास नसतो, कळत नाही.

बॅटरीवर कोल्ड क्रँकिंगचा (थंडीत इंजिन सुरू करायच्या ताकदीचा) आकडा लिहिलेला असतो, तो उणे १८ ला मोजलेला असतो, जितका जास्त तितकं बरं. थंडीत बॅटरीची ताकद खूप कमी होते आणि नेमकं तेव्हाच तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तेल कंपनीने सांगितलेलंच घाला, पण पर्याय असेल तर डब्यावर ०डब्ल्यू (0W, थंडीत तेल किती पातळ राहतं त्याची खूण) लिहिलेलं घ्या, ते उणे ३५ ला तपासलेलं असतं, ५डब्ल्यू उणे ३० ला.

आणि हे पंधरा मिनिटांचं खास तुमच्यासाठी, डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो पेट्रोल इंजिनांत रोज लहान प्रवास आणि कडाक्याची थंडी असेल तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. डिपस्टिक काढून बघितली तर तेल वरच्या खुणेच्या वर चढलेलं दिसतं आणि नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा वास येतो. पातळ झालेलं तेल इंजिन झिजवतं. उपाय दोन, आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेवर चांगली अर्धा-पाऊण तास पळवायची म्हणजे ते पेट्रोल उडून जातं, आणि तेल मॅन्युअलमधल्या कडक वापराच्या वेळापत्रकाने बदलायचं, साध्या वेळापत्रकाने नाही. डिझेल तर एवढ्या लहान प्रवासाला घेऊच नका, थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं, अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) उणे ११ ला गोठतं (टाकीत हीटर असतो म्हणा), आणि धुराचा फिल्टर गरम व्हायला वेळच मिळत नाही.

इलेक्ट्रिक तुम्ही नको म्हणालात ते तुमच्या सोयीने बरोबरच, पण थंडीत चालतच नाही असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी ८९ टक्क्यांच्या आसपास पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. रेंज कमी होते, कडक थंडीत चांगलीच कमी होते, पण घरी प्लग असला की निघायच्या आधी घरच्या विजेवरच गाडी गरम करता येते. पुढेमागे जागा बदललीत तर विचार करा.

टेस्ट ड्राइव्हला जाताना जाड हातमोजे घालून जा. सगळी बटणं त्यानेच दाबून बघा. हीटर, मागच्या काचेचा डीफॉगर, वायपर, ह्यांना खरी बटणं हवीत, टच स्क्रीनवर मोज्याचं बोट लागत नाही. दाराचे हँडल आत दडलेले असतील तर विचारा गोठल्यावर बाहेर कसे येतात. वायपर बोनेटच्या कडेखाली लपलेले असतात, ते उभे करायचा सर्व्हिस मोड कसा चालू करायचा ते तिथेच दाखवून घ्या. आणि हेडलाइट, एलईडीचा उजेड छान असतो पण दिव्याची काच फारशी गरम होत नाही म्हणून जुन्या हॅलोजनसारखा बर्फ वितळत नाही, तो थापून बसतो, वाटेत थांबून पुसावा लागतो. पुढचे रडार-कॅमेरे पण असेच झाकले जातात आणि आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम बंद झाल्याचा मेसेज येतो, त्या भरवशावर पैसे घालणार असाल तर हे माहीत असू द्या.

निळी_गाडी:
सगळं छान आलंय, गंजाचं राहिलं म्हणून लिहितोय. रस्त्यावर टाकतात ते साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून जास्त थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गाडीच्या पोटाला ओलसर चिकटून राहतं. गाडी नवीन असतानाच, पहिल्या हिवाळ्याच्या आधी, खालून तेलकट अँटी रस्ट मारून घ्या आणि दरवर्षी परत मारा. रबरासारखा जाड काळा थर देतात तो दिसायला दमदार पण त्याला एक चीर पडली की खाली मिठाचं पाणी साचतं आणि आतल्या आत पत्रा खातं, वरून काही दिसत नाही. मी दहा वर्षांची एक गाडी लिफ्टवर बघितलीय, थर अख्खा आणि बोट लावलं तर बोट आत. ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि मागचा सबफ्रेम (मागची चाकं-सस्पेन्शन धरणारी लोखंडी चौकट), ह्या दोन जागा दरवर्षी टॉर्च मारून बघायच्या.

तापमान शून्याच्या वर आलं की त्या दिवशी खालून पाण्याचा फवारा असलेलं वॉश करून घ्या, कारण गंज गोठलेल्या अवस्थेत हळू चालतो, वितळलं की जोरात. गाडी उघड्यावर लावता त्याचं फार दुःख करू नका, मिठाने माखलेली गाडी रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये ठेवणं पत्र्याला जास्त वाईट. धुतल्यावर दाराची रबरं कोरडी पुसून सिलिकॉन लावा नाहीतर सकाळी दार ओढताना रबरच हातात येतं.

पहाटपाळी:
किती मुद्दे मिळाले, सगळे लिहून घेतलेत. आता असं ठरतंय, फॉरेस्टरचं मधलं व्हेरिएंट, विंटर पॅक, १७ इंची जादा रिम आणि चार विंटर टायर, ब्लॉक हीटर डिलिव्हरीच्या आधीच बसवून घ्यायचा. शनिवारी हातमोजे घालून टेस्ट ड्राइव्हला चाललोय. शेवटचा प्रश्न, चारपैकी एकच टायर फाटला तर तो एकटा बदलला तर चालतो का? कुणीतरी म्हणालं ऑल व्हीलला चालत नाही.

दहाचा_पाना:
बरोबर सांगितलंय त्यांनी. कायम चारी चाकं जोडलेल्या गाडीत एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले की नव्याचा घेर मोठा, त्यामुळे तो कमी वेगाने फिरतो आणि मधल्या क्लचला वाटतं गाडी घसरतेय, तो सतत घासत राहतो, तापतो आणि शेवटी जातो. सुबारू म्हणते चारी टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर आणि थोडं वर, आणि नक्षी १ मिमी झिजली की घेर साधारण तेवढाच कमी होतो. म्हणजे उरलेल्या तिघांची झीज १ मिमीच्या आत असेल तर एकटा नवा चालेल, त्याहून जास्त असेल तर नव्या टायरची नक्षी मशीनवर घासून बाकीच्यांइतकी करून देणारे असतात, ते शोधा, तेही नाही मिळालं तर चारी बदलावे लागतात. दर सीझनला चाकं बदलताना पुढची मागे आणि मागची पुढे करायला सांगा म्हणजे झीज सारखी राहते. आणि स्टेपनी लहान मापाची येत असेल तर ती लावून किती अंतर आणि किती वेगाने जायचं ते मॅन्युअलमध्ये आत्ताच वाचून ठेवा, स्टेपनीतली हवा पण तपासून घ्या, नव्या गाडीची सुद्धा. चाक काढायचा पाना, टॉर्च आणि छोटं फावडं डिकीत खाली नको, मागच्या सीटपाशी ठेवा, डिकीचं दार गोठलं तर ते हाताशी हवं.